हालचाल म्हणजे घटना नव्हे

नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींत घराला नाव मिळण्याआधी दारावर कॅमेरा लागतो. त्याबद्दल हरकत घेतली की एक ठरलेले उत्तर येते : ‘तो सतत टिपत नाही हो सर, हालचाल झाली तरच टिपतो.’ आमचा आक्षेप नेमका या ‘तरच’वर आहे.

यंत्र लागोपाठच्या चित्रचौकटी ताडून पाहते. ठिपक्यांमधला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चित्रण सुरू करते. त्याला बदल कळतो, अर्थ कळत नाही. म्हणून झाडाची सावली, पावसाची सर, रात्री अवरक्त दिव्याभोवती फिरणारा किडा यांचीही ‘घटना’ म्हणून नोंद होते. संवेदनशीलता कमी करावी तर दुरून सावकाश येणारा निसटतो, वाढवावी तर मोबाइल दिवसभर वाजत राहतो. अलीकडचे कॅमेरे माणूस वेगळा ओळखू पाहतात खरे. पण तो कशासाठी आला, हे त्यांनाही उमगत नाही.

निवेदन म्हणजे निवड, हे आपण वर्गात शिकवतो. मग हा नवा निवेदक कोणाला निवडतो? दूधवाल्याला, धुणेभांडी करणाऱ्या मावशींना, घंटागाडीवरच्या कामगाराला, शिकवणीसाठी खोली शोधत लातुरात आलेल्या खेड्यातल्या पोराला. श्रमाला हालचाल लागते, त्यामुळे श्रम करणाराच चित्रणात भरतो. मालक प्रेक्षक राहतो. यंत्राला जात-वर्ग ठाऊक नसतो, असे म्हणून सुटका नाही. त्याचे तोंड कोणाकडे करायचे, हे माणूसच ठरवतो.

कोणी म्हणेल, वाड्याच्या ढेलजेतही पाहणारे डोळे होतेच. होते, आणि ते जातीच्या चौकटीतूनच पाहत. तो काळ गोंजारण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या घरांचा विश्वासच उडाला; त्यांच्याबरोबर ढेलजही मागे पडली. पण तिथे बसलेला माणूस येणाऱ्याला दिसत तरी होता. आज पाहणारा पुण्यात किंवा परदेशात असतो आणि पाहिले गेलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

चोरीची भीती खोटी नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची तर मुळीच नाही. पण भीती हा अमर्याद परवाना नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीचा निव्वळ घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला. घरमालकावर जिथे कायद्याचा हा धाक नाही, तिथे विवेकाची जबाबदारी वाढते.

ती पार पाडणे अवघड नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत हालचाल टिपण्याचे क्षेत्र आखता येते. ते आपल्या फाटकापुरते आखावे. रस्ता आणि समोरच्यांचे अंगण वगळावे. घरात कॅमेरा असल्यास कामाला येणाऱ्या बाईंना तो दाखवावा, चित्रण किती दिवस राहते हे सांगावे आणि त्यांचा नकार ऐकून घ्यावा. जुने चित्रण आपोआप पुसले जाईल, अशी व्यवस्था ठेवावी.

एवढेही न करता ‘यंत्रच ठरवते’ म्हणणारा सुशिक्षित आपला निर्णय यंत्राच्या नावावर खपवीत असतो. संहितेतला निवेदक कोणाच्या बाजूने बोलतो, हे विद्यार्थ्यांना विचारणाऱ्या आपण प्राध्यापकांनी तोच प्रश्न आपल्या दारावरच्या निवेदकाला का विचारू नये?