कांडवेल, बाईची हाडं आणि बाजार

आरोग्य शिबिरांत चाळिशीपुढच्या बायका हल्ली हमखास विचारतात, "ताई, कांडवेलीनं हाडं भरतात का हो?" प्रश्न रास्त आहे. चौधारी, पेरापेरांची ही वेल कुठे हाडसांधी, तर आयुर्वेदात अस्थिशृंखला म्हणून ओळखली जाते. मोडलेल्या हाडावर ती वाटून बांधायची रीत जुनी आहे. बायकांनी जपलेलं हे ज्ञान अडाणीपणा म्हणून उडवून लावायला माझा विरोध आहे. बनारस हिंदू विद्यापीठात उडुपा आणि प्रसाद यांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले. ही वेल दिल्यावर मोडलेलं हाड लवकर सांधतं, असं त्यांना दिसलं.

पण मोडलेलं हाड सांधणं वेगळं आणि पाळी गेल्यावर सगळीच हाडं झिजणं वेगळं. या झिजेवर कांडवेलीचे प्रयोग झाले ते मुख्यतः उंदरांच्या माद्यांवर. त्यांचे बीजांडकोश काढतात, म्हणजे इस्ट्रोजेन तुटतं आणि हाडं झिजू लागतात. मग वेलीचा अर्क देऊन झीज थोपते का, ते बघतात. काही प्रयोगांत ती कमी झाली. बायकांवरच्या चाचण्या मात्र मोजक्या आणि लहान आहेत.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला बीड जिल्हा आठवतो. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीला तिथल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर उंदरांत मुद्दाम घडवतात तेच बाईच्या शरीरात घडतं, तेही ऐन तिशीत. प्रयोगशाळेत उंदराचं हाडन् हाड तपासलं जातं. ही बाई मात्र तपासणीशिवाय पुन्हा मोळ्या उचलायला जाते.

तिच्या कंबरदुखीवर बाजार टपलेलाच असतो. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकल्या गेलेल्या सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत आराम पडतो तो त्याने. आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड हाडंच पोखरतं!

झाडपाल्याला चाचणी कशाला, असं काही जणी म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्याही वर्षानुवर्षं अशाच विश्वासाने दिल्या गेल्या. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००२ साली उघड झालं की, एकत्रित हार्मोन घेणाऱ्या बायकांची हाडं कमी मोडली, पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढला. गोळी असो की मुळी, बाईच्या शरीराला काय होतं हे तपासलंच पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं असं. कांडवेलीची चाचणी सरकारी पैशाने, बायकांवर, त्यांना समजेल अशी माहिती देऊन आणि त्यांची खरी संमती घेऊन व्हावी. पिशवी काढलेल्या प्रत्येकीची हाडांची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ती रेशनवर मिळावी. आणि गरज नसताना पिशवी काढणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई व्हावी. हाडं झिजवणारी व्यवस्था तशीच ठेवून बाईच्या हातात नुसती वेल देणं, हा उपचार नव्हे. आपल्या गटांनी या मागण्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे लेखी मांडायला हव्यात.