फोनच्या पेटीला स्वतंत्र खटका

धुळ्याहून एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे, ‘‘आमच्याकडे मिक्सर लावला की पुष्कळदा बोर्डातला खटका पडतो आणि त्याबरोबर वायफायही बंद होतं. मी नोकरीला जाते. दिवसभर सासूबाई एकट्या असतात. आमच्या घरात आतल्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे त्यांचा फोन वायफायवरूनच लागतो. इंटरनेटच्या पेटीला वेगळा खटका बसवून घेता येईल का? वायरमन म्हणतो, एवढ्याशा डब्याला कशाला?’’

ताई, जरूर बसवून घेता येईल, आणि घ्याच. डबा एवढासा आहे हे खरं, पण सासूबाईंना रात्री-अपरात्री ११२ नंबर फिरवायची वेळ आली, तर तो फोन त्या डब्यातूनच जाणार आहे. वायरमन डब्याचे वॅट मोजतो आहे. आपण डब्यावर काय अवलंबून आहे ते मोजायचं.

हा प्रश्न आपल्या आईच्या संसारात कधी आला नाही. तेव्हा घरात तारेचा फोन असे. गावभर अंधार झाला तरी कानाला लावला की त्यात आपली ‘टूंऽऽ’ ऐकू यायची. कशी, असं कोणी फारसं विचारलं नाही. त्या फोनला लागणारी वीज आपल्या घरातली नव्हतीच. ती टेलिफोन एक्सचेंजमधून, त्याच दोन तांब्याच्या तारांतून यायची. एक्सचेंजमध्ये ४८ व्होल्टच्या मोठमोठ्या बॅटऱ्या रांगेनं मांडलेल्या असत आणि त्या सतत चार्ज होत राहत. (यात एक गंमत आहे. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात आणि ऋण टोक तारेवर घेतात. उलट केलं तर ओल लागून जमिनीतली तांब्याची तार लवकर खाल्ली जाते. लोणच्याच्या बरणीला धातूचं झाकण लावत नाहीत, तशातलीच ही काळजी म्हणा ना!)

आता घरात फायबर आलं. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे पलीकडच्यांनी कितीही बॅटऱ्या मांडल्या, तरी आपल्या घरातल्या पेटीला त्यांची वीज मिळायची नाही. ती आपल्याच भिंतीतल्या पिनेवर चालणार. पूर्वी जी काळजी एक्सचेंजमधले लोक घेत, ती नकळत आपल्या गळ्यात पडली आहे, आणि कोणी तसं सांगितलेलंही नाही.

मग त्यांचीच पद्धत पाहू या. एक्सचेंजमध्ये किंवा मोबाईल टॉवरच्या खाली जे कपाट असतं, त्यात खटक्यांची एक पट्टी असते. प्रत्येक यंत्राला आपला आपला खटका. एकात बिघाड झाला तर तेवढाच पडतो, शेजारचं यंत्र चालू राहतं. फार महत्त्वाच्या यंत्राला तर दोन वेगळ्या पॅनेलांवरून दोन वाटांनी वीज देतात. खटका पडला की तिथे लगेच सूचना जाते. आपल्या घरात एवढा थाट नको, पण त्यातलं पहिलं सूत्र घ्यायलाच हवं: फोन आणि मिक्सर एका खटक्यावर नकोत. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर असेल तर त्या कपाटाला मात्र हात लावू नका आणि तिथला सुटा खटका कोणी दिला तरी घरात बसवू नका. तो एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेसाठी केलेला असतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना होणारी ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीची वीज तशी शून्यावर येत नाही. म्हणून दोन्हींचे खटके वेगळे.

आता आपला घरातला खटका, म्हणजे एमसीबी. पूर्वीच्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तार वितळायची आणि मग अंधारात मेणबत्ती धरून नवी बांधत बसायचं. एमसीबीत तार वितळत नाही. त्यात दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. तुमच्या ऑटोमॅटिक इस्त्रीत असते ना, तशीच. जास्त वेळ जास्त वीज ओढली की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. दुसरं म्हणजे तारेचं वेटोळं. तारेला तार भिडली की ते लोहचुंबक होऊन क्षणार्धात खटका खेचतं. पहिला पहारेकरी सबुरीनं घेणारा, दुसरा तापट. दोघेही राखतात ते भिंतीतल्या तारेला. हे नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ घरांत गैरसमज असतो की एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. माणसाला इजा व्हायला जेवढी वीज पुरते, तेवढी एमसीबीच्या खिजगणतीतही नसते.

माणसाला राखणारा वेगळा असतो, त्याला आरसीसीबी म्हणतात. बोर्डात तो जरा रुंद दिसतो आणि त्यावर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण असतं. जितकी वीज घरात गेली तितकीच परत आली का, याचा तो हिशेब ठेवतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा घेतात. तेवढा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे असं समजून तो सगळं बंद करतो. तुमच्या बोर्डात तो नसेल तर इंटरनेटच्या खटक्याच्या आधी त्याचं बघा.

धुळ्याच्या ताईंना म्हणूनच उलट विचारते, तुमच्याकडे पडतं कोण? साधा मिक्सर ७५० वॅटचा धरला तर तो तीन-सव्वातीन अँपिअर ओढतो. एवढ्यानं चांगला खटका पडायचं कारण नाही. एमसीबी पडत असेल तर त्याच लाईनवर किटली किंवा ओव्हन चालू असतो का ते पाहा. नाही तर भांडं गच्च भरलेलं असतं, पातं अडतं आणि मोटर कितीतरी पट वीज ओढते. भिजवलेली डाळ थोडी थोडी घालून पाहा. पण आरसीसीबी पडत असेल, तर मिक्सरमध्येच कुठेतरी गळती आहे. मग तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. ‘आमचं मेलं रोजचंच आहे’ म्हणून खटका वर करायचा आणि ओल्या हातानं पुन्हा चटणी वाटायची, असं बिलकूल करू नका.

आणि यातूनच वायरमनला सांगायची मुख्य गोष्ट निघते. फोनच्या पेटीला नुसता वेगळा एमसीबी दिला, पण तो त्याच आरसीसीबीच्या मागे राहिला, तर अर्धंच काम झालं. गीझरमध्ये गळती होऊन आरसीसीबी पडला की फोनही गेला. तेव्हा त्याला म्हणा, ‘‘मेन स्विचनंतर, आरसीसीबीच्या आधी, या लाईनला स्वतंत्र आरसीबीओ लाव.’’ आरसीबीओ म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकाच डबीत. सहा अँपिअरचा, ३० मिलीअँपिअरचा मागा. सहाचा न मिळाल्यास दहाचा चालेल. बोर्डात रिकामी जागा नसेल तर शेजारी लहान डबी बसते. त्यासाठी जुना बोर्ड फोडायचं कारण नाही.

तार दीड चौरस मिलिमीटरची, तांब्याची, तिन्ही बाजारू नव्हे तर आयएसआय छापाच्या: लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. न्यूट्रल या लाईनचीच हवी. पुष्कळ वायरमन जवळच्या बोर्डातली न्यूट्रल उचलून जोडतात, कारण त्यांना तेवढी तार ओढायचा कंटाळा असतो. तसं केलं की गेलेली वीज एका वाटेनं आणि परतलेली दुसऱ्या वाटेनं, हिशेब जुळत नाही आणि खटका उगीचच पडत राहतो. मग वायरमन म्हणणार, ‘‘बाई, हे मशीनच खराब.’’ मशीन खराब नसतं. समोर उभं राहून तिन्ही तारा बोर्डापासून पिनेपर्यंत आल्या का ते पाहा. चहा करायला आत जायचं असेल तर नंतर जा. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करवून घ्या. घरातल्या कुणी हौशी दीरांनी हाती स्क्रू ड्रायव्हर घेतला, तर त्यांना प्रेमानं बाजारात पाठवा.

शेवटी सहा अँपिअरच्या दोन पिना काढा, एक फायबरच्या पेटीला, एक राउटरला. हल्ली दोन्ही मिळून एकच पेटी असते, तरी दुसरी पिन उपयोगी पडते. जागा धुण्या-पुसण्याच्या पाण्यापासून उंच आणि मोकळी हवी. शो-केसमध्ये काचेआड, वर विणलेला रुमाल घालून पेटी ठेवतात तशी नको, ती तापते. पेटीच्या चार्जरवर पाहिलंत तर १२ व्होल्ट आणि एक ते दोन अँपिअर असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण बारा ते चोवीस वॅट. सहा अँपिअरचा खटका २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत सोडतो. म्हणजे हजार वॅटची इस्त्री तिथे लावली तरी खटका काही बोलणार नाही. पण खटका बोलत नाही म्हणून इस्त्री लावायची नाही. ती पिन फोनची, हे घरात एकदा ठणकावून सांगा, आणि वर चिठ्ठी चिकटवा.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी ही लाईन इन्व्हर्टरच्या बाजूला घ्यावी. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरीचा डबा घ्या, चार्जरच्या व्होल्टशी त्याचा आकडा जुळतो का ते पाहून. खटका काही वीज तयार करत नाही. भारनियमनात त्याचा उपयोग शून्य.

चिठ्ठ्यांवरून आठवलं. किती घरांत बोर्डावर नावं लिहिलेली असतात हो? डब्यांवर आपण ‘जिरे’, ‘मोहरी’ लिहितो, आणि ज्या बोर्डावर सगळं घर चालतं तिथे आठ मुके खटके! एका रविवारी दोघींनी बसून काम उरका. एकीनं खटका खाली करायचा, दुसरीनं ओरडून सांगायचं काय बंद झालं ते. मग मराठीत ठळक लिहून लावा: हॉल, फ्रीज, गीझर, आणि फोन-इंटरनेट. फोनच्या खटक्याला लाल चिठ्ठी लावा, सासूबाईंना चष्म्याशिवायही दिसली पाहिजे.

खटका पडल्यावर काय करायचं हे त्यांनाही शिकवून ठेवा. हात कोरडे, पायात चपला. आधी त्या लाईनवरच्या पिना काढायच्या. खटका कधी कधी मधेच अडकल्यासारखा दिसतो, तो आधी पूर्ण खाली दाबायचा आणि मग वर. सगळं काढल्यावरही पडला, तर दोष तारेत आहे. मग दुसऱ्यांदा प्रयत्न नाही, वायरमनला बोलवायचं. वर राहिला, तर एकेक पिन लावून पाहायची, कोणती लावल्यावर पडतो ते कळतं. जास्त भारानं पडला असेल तर चार-पाच मिनिटं थांबा, ती तापलेली पट्टी निवायला वेळ घेते. जळका वास आला, बोर्ड हाताला गरम लागला किंवा कुठे काळं दिसलं, तर मेन स्विच खाली आणि वायरमन येईपर्यंत वर नाही.

काही घरांत खटका पडू नये म्हणून चिकटपट्टी लावून वर बांधलेला असतो. त्यानं काही साधत नाही. आतली जोडणी तरीही सुटते, बाहेरचा दांडा वर दिसत राहतो इतकंच, आणि पुढच्या माणसाची फसगत होते. त्याहून वाईट म्हणजे सोळाचा सतत पडतो म्हणून बत्तीसचा बसवणं. भिंतीतली तार तीच राहते. मग खटका पडायच्या आधी तार तापून तिच्यावरचं आवरण वितळतं. ‘‘मोठा टाकतो, कटकट नको,’’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

वळवाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, आभाळ गडगडायला लागलं की पेटीची पिन हातानं ओढून काढा, पण पहिल्या गडगडाटालाच. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर हात लावायला जाऊ नका. आरसीबीओ हा विजेच्या लोळावर इलाज नाही. खटका खाली केला तरी आतली फट अगदी लहान असते. फायबरचा तंतू काचेचा असला तरी केबलला आधाराला पुष्कळदा पोलादी तार असते, ती पेटीपाशी लोंबत असेल तर केबलवाल्याला बाहेरच कापून बांधायला सांगा.

आरसीसीबी आणि आरसीबीओ यांच्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबायचं. विजेचं बिल येईल तो दिवस ठरवून टाका, म्हणजे विसरणं होत नाही. दाबल्याबरोबर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो निकामी झाला आहे, त्याच आठवड्यात बदलून घ्या. मात्र दाबायच्या आधी घरात एक हाक मारा. आत कोणी कॉम्प्यूटरवर ऑफिसचं काम करत असेल, किंवा मुलीची परीक्षा चालू असेल, तर पाच मिनिटं थांबा.