बाई डीजे शिकतात तेव्हा…



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी डीजे शिकायला सुरुवात केली. हसू आलं ना? शाळेत डबा खाताना सांगितलं तेव्हा आमच्याकडेही सगळे हसले. एक सर म्हणाले, "म्हणजे यंदा मिरवणुकीची सुपारी बाईंनाच!" घरी सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "आता, या वयात?" माझं वय ३७ आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याकडे डीजे म्हटलं की ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि हादरणाऱ्या खिडक्या डोळ्यांसमोर येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हे आपण सारे जाणतोच. त्या दणदणाटाला माझाही विरोध आहे. पण ती भिंत म्हणजे डीजेची कला नव्हे. एक गाणं संपत असताना दुसरं असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा ठेका चुकू नये, ही ती कला. ती कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्याला पत्ताही न लागता शिकता येते.

या कलेच्या इतिहासात शाळाही आहे बरं का! ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीनं एक छोटी पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून! गाणी लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा तो दोन तबकड्या वापरून लांबवायचा. हिप-हॉपचा जन्म त्याच दिवशी झाला, असं मानलं जातं.

लेझीम आणि शेकडेवारी

काम ऐकायला सोपं आहे. समजा, एका गाण्यात मिनिटाला १२६ ठोके आहेत आणि दुसऱ्यात १२०. दुसऱ्याचा वेग ६ ठोक्यांनी, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढवायचा. आपलं शेकडेवारीचं उदाहरणच! मग दुसऱ्या गाण्याचा पहिला ठोका नेमक्या जागी सोडायचा. लेझीम बसवताना आपण आठ अंक मोजतो ना, तसंच इथंही मोजायचं.

लॅपटॉपवर फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि माझा कॉलेजात शिकणारा भाचा गुरू झाला. ठोके आपोआप जुळवणारं बटण असतं, पण त्यानं अट घातली, "मावशी, आधी कानानं." एका कानात एक गाणं, दुसऱ्या कानात दुसरं. पहिले चार ठोके जुळायचे आणि मग दोन घोडे वेगवेगळ्या चालीनं दौडावेत तसा गोंधळ! कुठलं गाणं पुढे पळतंय आणि कुठलं मागे पडतंय, तेच मला कळेना. पाच दिवस झाले, आठ दिवस झाले, तरी तेच.

नवव्या दिवशी भाचा वैतागून म्हणाला, "मावशी, एवढं सोपं आहे, कळत कसं नाही तुला?"

मी गप्प झाले. कारण हे वाक्य माझं होतं.

ते वाक्य

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवताना मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल, याची गणती नाही. एक मुलगा आठवला. तीनदा फळ्यापाशी आला, तीनदा चुकला. मी हे वाक्य बोलले, वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्यानं एकही शंका विचारली नाही. मला वाटलं, त्याला समजलं. भाच्यासमोर मान खाली घालून बसले, तेव्हा मला उमगलं की त्याला समजलं नव्हतं. त्यानं विचारणं सोडलं होतं. मीही त्या क्षणी "हो, कळलं" असंच म्हटलं होतं. खोटं!

डी.एड.ला अध्ययन वक्रातली पठारावस्था आपण सगळ्यांनी पाठ केली आहे. सराव चालू असतो, पण प्रगती दिसत नाही, तो टप्पा. परीक्षेत मी त्याची आकृतीही काढली होती. पण त्या पठारावर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला ३७व्या वर्षी कळलं. आपण जे शिकवतो ते आपल्याला फार वर्षांपूर्वी आलेलं असतं. न येण्याचं दुःख आपण विसरून गेलेलो असतो. माझ्या मते शिक्षकाचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

वयाचं काय?

टोकियोच्या सुमिको इवामुरो यांचा जन्म १९३५ चा. त्या ग्योझाचं, म्हणजे आपल्याकडच्या मोमोसारख्या पदार्थाचं, उपाहारगृह चालवत. सत्तरी ओलांडल्यावर त्या डीजेच्या वर्गात जाऊन बसल्या आणि 'डीजे सुमिरॉक' झाल्या. २०१८ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, सर्वांत ज्येष्ठ व्यावसायिक क्लब डीजे म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. पोलंडमध्ये वॉर्सा शहरातल्या 'डीजे विका' तर आपल्याच पेशातल्या, निवृत्त विशेष शिक्षिका. त्यांनी ज्येष्ठांना नाचायला लावलं. हे वाचून मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला तर अजून चाळीस वर्षं आहेत!"

तुम्ही डीजेच शिकावं, असं माझं म्हणणं नाही. पोहणं शिका, मोडी लिपी शिका, बासरी शिका. पण वर्षातून एक तरी गोष्ट अशी धरा जी तुम्हाला अजिबात येत नाही, आणि ती मुलांच्या देखत शिका. पालकांनो, "अभ्यास कर" हे शंभरदा सांगण्यापेक्षा आई-बाबा चुकताहेत, खोडताहेत, पुन्हा करताहेत, हे मुलाला एकदा दिसू द्या.

साधारण तिसऱ्या आठवड्यात माझी दोन गाणी जुळली. जेमतेम अर्धा मिनिट! वर्गात सांगितलं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "बाई, तुम्हाला पण येत नव्हतं?"

"नाही गं, मुळीच येत नव्हतं," मी म्हटलं.

त्या दिवशी वजाबाकीच्या तासाला चार हात वर आले. चौघांचंही म्हणणं एकच होतं, "बाई, कळलं नाही." इतकं गोड वाक्य मी वर्गात फार दिवसांनी ऐकलं.