बालवाडी ते शनिवारवाडा: मधल्या रस्त्याचं काय?

पुण्याच्या कसबा पेठेतली कुठलीही बालवाडी घ्या. कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, शनिवारवाडा, जरा पुढे बुधवारात भिडे वाड्याची जागा, सगळं हाकेच्या अंतरावर. तरी इथली पोरं हे सारं बघतात ते बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून, जाता जाता. वास्तू जपायला आपल्याकडे कायदा आहे. बालवाडीपासून तिथवर जाणारी वाटही तितकीच जपायला हवी, हे माझं म्हणणं. मुद्दे असे:

१. शनिवारवाड्यात ‘आत बघायला काही नाही’, ही मोठ्यांची तक्रार. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत आतून जळाला, हे खरंच. पण चार वर्षांच्या मुलाला महाल नकोच असतात. दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक रोखायला बसवलेले अणकुचीदार सुळे बघून ते जागचं हलत नाही. त्याच दारातल्या छोट्या दिंडीतून मोठ्यांना मान लववून जावं लागतं, हे ताठ मानेनं जातं! तांबट आळीत तर बालवाडीचा अख्खा अभ्यासक्रम आहे. घंगाळावर हातोडीचा एकेक ठोका पडतो, त्याचा चकचकीत गोल उमटतो, गोलाला गोल लागून ओळ होते. मोजणी, आकार, ताल, सगळं तिथेच शिकून होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून आणि अनुभवातून शिकणं सांगितलं आहे. कसब्यात ते दाराबाहेरच आहे.

२. मध्ये आडवा येतो शिवाजी रस्ता. लाल महालाकडून शनिवारवाड्याकडे जायचं तर तो ओलांडावाच लागतो. बालवाडीची मुलं जोडीजोडीनं, हात धरून चालतात. पुढे ताई, मागे मदतनीस मावशी. पहिली जोडी पलीकडे पोचते तेव्हा शेवटची अजून रस्त्यातच असते, आणि हॉर्न सुरू होतात. चार वर्षांचं मूल जेमतेम मीटरभर उंच. उभ्या मोटारीआडून त्याला येणारी रिक्षा दिसत नाही, रिक्षावाल्यालाही ते दिसत नाही. पदपथावर चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. जुन्या पेठांच्या बोळांत तेवढी जागा निघत नाही, मान्य. मग निदान आहे तेवढ्या पट्टीवर दुचाक्या लावू देऊ नका.

शिवाजी रस्ता बंद करा, असं कुणी म्हणत नाही. रस्ता ओलांडायचे पट्टे रस्त्याच्या पातळीवर नकोत, पदपथाइतके उंच करा, म्हणजे गाडीचा वेग आपोआप उतरतो. बालवाडीच्या फेरीच्या तासाला एक वाहतूक कर्मचारी द्या. मुठेच्या पात्राखालून बोगदा काढून २०२४ मध्ये कसबा पेठेत मेट्रो आणणाऱ्या शहराला चार पट्टे उंच करणं जड जाऊ नये.

३. ‘इथे शंभर मीटरचा नियम आहे, काही करता येत नाही.’ हे उत्तर पेठेत पाठ झालंय. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी आहे आणि तिच्यापायी जुन्या वाड्यांतल्या रहिवाशांचे हाल होतात, हा वेगळा आणि गंभीर विषय. पण त्याच कायद्यातल्या बांधकामाच्या व्याख्येतून सार्वजनिक स्वच्छतागृहं, गटारं आणि पाणीपुरवठ्याची कामं वगळली आहेत. वीस मुलांना घेऊन निघालेल्या ताईंचा पहिला प्रश्न ‘शू कुठे?’ हाच असतो. त्याला नियमाची आडकाठी नाही.

४. ‘एवढ्याशा मुलांना इतिहास काय कळणार?’ सनावळी नाहीच कळणार, कळायचं कारणही नाही. पण ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मुलांच्या अंगणातच शाळा नेली. परिसर हेच बालशिक्षणाचं साहित्य, ही मराठी मुलखातली जुनी आणि कसाला उतरलेली वाट आहे. कसब्यातली अंगणं आता पार्किंगला गेली. उरलीय ती शनिवारवाड्यातली हिरवळ. तिथे तर पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटही नाही.

५. भिडे वाड्याच्या जागी स्मारक व्हायचं आहे. १८४८ मध्ये तिथल्या मुलींच्या शाळेत जाताना सावित्रीबाईंना रस्त्यातच शेण-चिखल झेलावा लागला. त्या स्मारकाच्या आराखड्यात लहान मुलांना बसायला जागा आणि दारापर्यंत बिनधोक वाट, एवढं आत्ताच घालून घ्यावं. नंतर ‘तरतूद नाही’ ऐकावं लागेल.

६. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. पदपथ, पट्टे, स्वच्छतागृह, तिन्ही कामं त्यात बसतात. पेठेतल्या पालकांनी या खेपेस एकेकट्यानं नको, बालवाडीनिहाय अर्ज भरावेत, आणि ताईंनाही सोबत न्यावं. कुठला पट्टा आधी हवा, हे त्याच नेमकं सांगतील.