पक्षाघात : आधी इस्पितळ, कागद नंतर



काशी यात्रेकरूंसाठी तीर्थ असेल; रेल्वे कामगारांसाठी ते इंजिन कारखान्याचे गाव आहे. १९६४ साली तेथे पहिले डिझेल इंजिन तयार झाले. २०२० पासून हा कारखाना बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून ओळखला जातो. याच वाराणसीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कार्यक्रमाखाली पक्षाघाताच्या रुग्णांची नोंद घेण्यात आली. देशातील अशा पाच ठिकाणांपैकी ते एक. कटक, तिरुनेलवेली, काचार आणि कोटा ही इतर चार. इंजिनाचा दाब तपासल्याशिवाय ते शेडबाहेर पडत नाही. ते चालवणाऱ्याच्या रक्ताचा दाब मात्र वर्षानुवर्षे कुणी मोजत नाही.

पक्षाघात मेंदूचा आजार आहे. बहुतेकांच्या मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काहींची फुटते. रक्त बंद झाले की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात.

लक्षणे ओळखा. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोबडे बोलणे किंवा समोरच्याचे बोलणे न कळणे. डाव्या मेंदूला इजा झाली तर सहसा उजवे अंग जाते आणि वाचाही जाते. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली तर अचानक गरगरते, एकाचे दोन दिसते, तोल जातो, गिळता येत नाही. रात्रपाळीच्या सॉर्टरला असे झाले, तर 'झोप झाली नाही' म्हणून त्याला बाकावर निजवू नका. लक्षणे थोड्या वेळात आपोआप गेली, तरी तो धोक्याचा सिग्नल आहे. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याची भीती सर्वांत जास्त असते.

अशा वेळी तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, पाणी किंवा अ‍ॅस्पिरिन पाजणे, यांपैकी काहीही करू नका. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅन असलेल्या इस्पितळात थेट न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅन झाल्यावरच. रेफरलचा कागद मिळेपर्यंत थांबू नका. तातडीच्या प्रसंगी आधी उपचार घेऊन नंतर खर्चाचा दावा करण्याची तरतूद रेल्वेच्या आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नियमांत आहे. दावा अडला तर युनियन पाठीशी उभी राहील.

झटका टाळण्याचा मार्ग त्याहून स्वस्त आहे. रक्तदाब १४०/९० च्या वर राहिला तर डॉक्टरांना गाठा. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका. दिवसाला मीठ एक चमच्याहून कमी खा. विडी, तंबाखू आणि दारू सोडा. साखर तपासून घ्या.

पण सारे ओझे कामगाराच्याच माथी मारू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त असतो. म्हणून प्रत्येक लॉबीत, गँगहटमध्ये, आरएमएस कार्यालयात आणि टपाल कचेरीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र हवे, दरमहा तपासणी हवी आणि पाळीनंतर पुरेशी विश्रांती हवी. या मागण्या आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेत मांडा, आणि त्या सभेतच प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या.