बीटी उसाची वाट पाहताना



गट बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, कापसाचं बीटी आलं, मग उसाचं कधी आणताय? हुमणीनं पार वाटोळं केलं की!" प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्हाला काय वाटते ते स्पष्टच सांगतो.

जनुक बदललेले पीक म्हणजे विषच, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या 'को' जातींच्या मुळाशीही माणसाचीच खटपट आहे. कोईमतूरला उसाचा संकर त्याच्याच जातकुळीतल्या रानटी गवताशी करून 'को २०५' तयार झाली व १९१८ साली शेतात आली. बाहेरचे जनुक घालणे हे त्याहून वेगळे तंत्र. त्याची कसून तपासणी हवीच. पण नवे म्हणून दार लावून घेणे परवडणार नाही.

ब्राझीलने २०१७ साली बीटी उसाला मान्यता दिली, हे खरे. पण तो तिथल्या खोडकिडीसाठी आहे. त्यातले प्रथिन पतंगवर्गातल्या अळीला मारते. हुमणी पडली भुंगेऱ्याची अळी. तिच्यावर त्याची मात्रा चालत नाही. शिवाय आपल्या देशात अशा उसाच्या लागवडीला परवानगी नाही. तेव्हा कोणी 'बीटी बेणं' म्हणून कांड्या विकू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.

आता कापसाचा धडा. २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, शेतकऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी मिळे. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ते कडेने लावायचे होते. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिले. वर फरदडीपायी कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली. अळीला घरच मिळाले. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईना, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीचे अतोनात नुकसान झाले. बियाण्यातली ताकद एकट्याची नसते, साऱ्या शिवाराची असते. दहाजणांनी नियम मोडला, की अकराव्याचेही पीक जाते.

आपल्याकडे वेगळे काय चालले आहे? वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला भुंगेरे बाभळी-कडुनिंबावर जमतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. साऱ्या गावाने सलग तीन-चार वर्षे केले, तरच गुण येतो. पहिल्या दिवशी गाव लोटते. चौथ्या दिवशी आमचा चिटबॉय एकटाच काठी घेऊन उभा! यात आमचीही चूक आहे. पत्रक वाटले की काम झाले, असे आम्हीही समजत आलो.

उद्या नवे बेणे कसोटीला उतरून, सरकारी मान्यता घेऊन आले, तर पहिला बेणेमळा आम्हीच करू. पण एकत्र नियम पाळायची सवय नसेल, तर तेही चार वर्षांत निकामी होईल. म्हणून येत्या वळवाला प्रत्येक घरातून एक माणूस भुंगेरे वेचायला निघावा, आम्हीही बरोबर येऊ. सहकार काट्यावर दिसतो, तसा बांधावरही दिसू द्या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते