दगडाला १४० चाके, सळईला लाल चिंधी

गेल्या जानेवारीत सकाळी सहाच्या सुमारास दिल्ली कॅन्टहून निघालो होतो. नारायणाजवळ रिंग रोडवर धुकं असं, की बॉनेटपुढचं दिसेना. अचानक समोर एक ओलं लाल फडकं लोंबताना दिसलं. ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा सळयांची टोकं आणि माझी काच यांत हातभर अंतर होतं. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मला निदान काच तरी होती. मागून एखादा मोटारसायकलवाला आला असता तर?

चालकाला झापायला उतरलो. विशीतलं पोरगं. म्हणालं, "साहेब, गाडी माझी नाही, माल माझा नाही. दिवसा ट्रेलरला शहरात एंट्री नाही. मग सळई न्यायची कशावर, तुम्हीच सांगा." मला पटकन उत्तर सुचलं नाही.

लांब किंवा अवजड माल सुरक्षित न्यायची अक्कल या देशाला नाही, असं कुणी म्हणू नये. इंडिया गेटजवळचा नेताजींचा पुतळा आठवा. त्यासाठी २८० टनांचा अखंड ग्रॅनाइट तेलंगणातल्या खम्ममहून १,६६५ किलोमीटर रस्त्याने दिल्लीत आणला. त्यासाठी १०० फूट लांब, १४० चाकांचा खास ट्रक बनवला. दगड सुखरूप पोहोचला आणि ८ सप्टेंबर २०२२ रोजी पुतळ्याचं अनावरण झालं. आपल्या फौजेतही ४१ टनांचा टी-७२ ट्रेलरवर चढवायचा तर आधी पूल, वळणं, वरच्या तारा पाहून येतात. साखळदंड कुणी तपासले, हे नावानिशी ठाऊक असतं.

मग साधारण १२ मीटरची सळई त्याच दिल्लीत पाच मीटरच्या ट्रॉलीवर का जाते? कारण दगडाच्या प्रवासाला कुणीतरी जबाबदार होतं. सळईला कुणीच नाही. दुकानदार म्हणतो, माल विकला, आमचं काम संपलं. ठेकेदार म्हणतो, गाडी भाड्याची. शेवटी पावती फाटते ती त्या पोराच्या नावाने.

कायदा मात्र असं म्हणत नाही. गाडीबाहेर मागे एक मीटरपर्यंत माल काढायची जुनी सवलत २०१४ मध्येच रद्द झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ मध्ये भर पडली: माल हद्दीबाहेर गेला तर २० हजार रुपये दंड आणि तो उतरवण्याचा खर्च. हा दंड कुणाला? गाडी चालवणाऱ्याला, आणि चालवायला लावणाऱ्यालाही. त्या 'चालवायला लावणाऱ्या'ला पकडल्याचं तुम्ही कधी पाहिलंत?

"गल्लीत चाळीस फुटी ट्रेलर शिरत नाही," हे खरं आहे. पण जो माल तोडता येत नाही त्यासाठीच खास वाहन आणि खास परवानगी लागते. ग्रॅनाइटची शिळा वाटेत कापता येत नव्हती. सळई येते. बांधकामाच्या नकाशावरून मापं काढून यार्डातच ती कापून, वाकवून घेता येते, आणि ते तुकडे छोट्या टेम्पोत गपगुमान मावतात. खर्च थोडा वाढतो, इतकंच. तो वाचवायला आपण मागून येणाऱ्याचा गळा पणाला लावतो.

आणि 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. त्याच महिन्यात गुरुग्रामला माझ्या एनडीएच्या कोर्समेटचं नवं घर पाहायला गेलो. दारात तशीच ट्रॉली उभी, तशाच सळया, तशीच चिंधी. गडी उभी नोकरी सर्व्हिस कोअरमध्ये करून निवृत्त झालेला. ताफे हलवण्यात हयात गेलेली. "भाड्यात बरेच वाचले," तो खुशीत म्हणाला. मी चहा प्यायलो आणि काही न बोलता घरी आलो. म्हणजे त्या साखळीत मीही आलोच.

म्हणून हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि पेन्शनच्या पैशातून पुण्यात, साताऱ्यात, नोएडात घर बांधणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकासाठी. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला: गाडीबाहेर डोकावणारा माल माझ्या दारात उतरवून घेतला जाणार नाही. आणि अशी ट्रॉली आलीच, तर परत पाठवू नका. ती पुन्हा त्याच रस्त्याने जाईल. जिथे आहे तिथेच कटर मागवा, सळया कापून घ्या आणि तो खर्च ठेकेदाराच्या बिलातून वळता करा. एकदा खिशाला चाट बसली, की पुढची खेप मापात येते.

कोर्समेटला हे सगळं मी काल फोनवर सांगितलं. तो चिडला आहे. चिडू दे.